झांस्करच्या खोऱ्यातील ज्ञानसाधक : अलेक्झांडर चोमा द कोरोश

लडाखच्या दक्षिण भागात, हिमालयाच्या मुख्य रांगेच्या पलीकडे, झांस्कर नावाचे एक खोरे आहे. मोसमी पावसाचे ढग त्या रांगेच्या अलीकडेच अडतात आणि पलीकडे पोहोचतात ते केवळ कोरडे वारे. त्यामुळे एवढ्या उंचीवर, चहूबाजूंनी हिमशिखरे असूनही, ही भूमी वाळवंटासारखी उघडी आहे. डोंगरांवर गवताचे पातेही दिसत नाही. जिथे बर्फ वितळून येणारे पाणी पाटाने वळवता येते, तेवढ्याच तुकड्यांवर जव आणि वाटाणा पिकतो व गावे वसतात. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे आहे. झांस्करमधील झांगला हे गाव सुमारे ३५०० मीटरवर, म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे. हिवाळा आला की खिंडी बर्फाने बुजतात. त्या काळी मग गोठलेल्या नदीवरून चालत जाणे हीच बाहेरच्या जगाकडे जाण्याची एकमेव वाट उरत असे.

अशा या खोऱ्यात २० जून १८२३ रोजी एक मध्यम वयाचा युरोपीय प्रवासी दाखल झाला. त्याच्याजवळ सैन्य नव्हते, व्यापाराचा माल नव्हता आणि धर्मप्रसाराची पुस्तकेही नव्हती. त्याला तेथील एका भिक्खूकडून तिबेटी भाषा शिकायची होती. त्या प्रवाशाचे नाव अलेक्झांडर चोमा. स्वतःच्या देशात त्यांना शांदोर म्हणत. ज्या भारतभूमीत तथागतांचा धम्म उदयास आला आणि जिच्या स्मृतीतून तो पुसला गेला, त्याच भूमीला त्या धम्माच्या ग्रंथसंपदेचा पत्ता पुन्हा सांगणाऱ्या मोजक्या माणसांत चोमा यांची गणना करावी लागते. आपल्या समाजात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. निवासी शाळेत शिकलेल्या आणि शिकणाऱ्या मुलांनी तर ते अवश्य जाणून घ्यावे, कारण चोमा स्वतः अशाच एका शाळेचे विद्यार्थी होते.

अन्नासाठी राबणारा विद्यार्थी

चोमा यांचा जन्म इ.स. १७८४ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील कोरोश या खेड्यात झाला. हा प्रदेश आज रुमानियात मोडतो. सेकेय नावाच्या हंगेरियन भाषक समूहातील त्यांचे कुटुंब सीमेच्या रखवालीचे काम पिढ्यान् पिढ्या करीत आलेले होते. घरची स्थिती बेताची होती. गावच्या शाळेतील शिक्षण संपल्यावर इ.स. १७९९ मध्ये वडील त्यांना पायी चालत नाज्येन्येद येथील बेथलेन महाविद्यालयात घेऊन गेले. हे विद्यालय मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करणारे होते, परंतु फी भरण्याची ऐपत चोमा कुटुंबात नव्हती. तेव्हा शाळेने गरीब मुलांसाठी ठेवलेला मार्ग त्यांनी पत्करला. वसतिगृहातील पडेल ते काम करायचे आणि त्या बदल्यात शिक्षण व भाकरी मिळवायची. अशा रीतीने त्यांनी तेथे सोळा वर्षे काढली. आधी सेवक-विद्यार्थी, नंतर वरच्या वर्गाचे विद्यार्थी आणि पुढे लहान मुलांना शिकवणारे, अशा पायऱ्या ते चढत गेले. जमिनीवर झोपावे, साधे अन्न खावे, थंडीवाऱ्याची तमा बाळगू नये, अशा सवयी त्यांनी शरीराला याच काळात लावून घेतल्या.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चोमा गरीब होते, परंतु अस्पृश्य नव्हते. शाळेच्या दाराशी त्यांना कोणी जन्म विचारून अडवले नाही. पाण्याच्या भांड्याला हात लावला म्हणून कोणी शिक्षा केली नाही. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आलेले दुःख आणि चोमांचे दारिद्र्य ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत. तरीही वसतिगृहात राबून शिकलेल्या मुलाच्या मनात विद्येचे मोल कोणत्या किमतीने ठसते, हे समजायला आपल्या लोकांना दुसऱ्या कोणाच्या स्पष्टीकरणाची गरज नाही.

त्या काळी हंगेरियन तरुणांत एक प्रश्न मोठ्या आवेशाने चर्चिला जात होता. चहूबाजूंच्या जर्मन, स्लाव्ह आणि रुमानियन लोकांहून वेगळी भाषा बोलणारे आपण मूळचे कोठले? आपले पूर्वज आशियातून आले आणि त्यांचे भाऊबंद अजूनही तेथे कोठेतरी नांदत असतील, अशी समजूत सर्वत्र होती. चोमांनी आणि त्यांच्या दोन सहाध्यायांनी आशियात जाऊन हे मूळ शोधण्याची शपथ घेतली. शपथ तिघांनी घेतली, पण निघाले एकटे चोमा.

निघण्याआधी त्यांनी तयारी केली ती भाषांची. इ.स. १८१६ ते १८१८ या काळात जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात त्यांनी पौर्वात्य भाषांचा आणि इंग्रजीचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर स्लाव्ह भाषा शिकण्यासाठी ते मुद्दाम क्रोएशियापर्यंत जाऊन आले. मिहाय केंदेरेशी नावाच्या एका सहृदय गृहस्थांनी वर्षाला शंभर फ्लोरिन देण्याचे वचन दिले होते. एवढ्या आधारावर नोव्हेंबर १८१९ मध्ये पस्तीस वर्षांचे चोमा घराबाहेर पडले. त्यानंतर त्यांना मायभूमीचे दर्शन घडले नाही. योगायोग असा की, त्याच १८१९ साली आपल्या महाराष्ट्रात एका इंग्रज अधिकाऱ्याची नजर अजिंठ्याच्या लेण्यांवर पडली होती. विस्मरणात गेलेला बुद्ध एकीकडे दगडातून पुन्हा दिसू लागला होता, आणि ग्रंथांतून त्याला पुढे आणणारा मनुष्य दुसरीकडे वेगळ्याच शोधासाठी पायी निघाला होता.

अडीच वर्षांची वाट

बुखारेस्टमार्गे ते कॉन्स्टँटिनोपलला जाणार होते, परंतु साथीच्या रोगामुळे वाट बदलावी लागली. समुद्रमार्गे ते अलेक्झांड्रियाला पोहोचले, तर तेथेही प्लेग. मग सायप्रस, बैरूत, लताकिया असे करीत ते सीरियात उतरले आणि अलेप्पोहून मोसूलकडे निघाले. तेथून टायग्रिस नदीतून तराफ्यावर बसून जुलै १८२० मध्ये ते बगदादला आले. ऑक्टोबरात तेहरान गाठले. तेथील इंग्रज दूताने त्यांना आश्रय दिला. पुढची वाट अधिक धोक्याची होती. म्हणून आपले पारपत्र आणि कागदपत्रे तेहरानलाच ठेवून त्यांनी इराणी वेश धारण केला. सिकंदर बेग या नावाने ते पुढे चालू लागले. मशहद, बुखारा, बल्ख आणि बामियान ओलांडून जानेवारी १८२२ मध्ये ते काबूलला पोहोचले. बामियानच्या कड्यात कोरलेल्या भव्य बुद्धमूर्ती त्यांच्या वाटेवरच होत्या. पुढे लाहोर, काश्मीर आणि ९ जून १८२२ रोजी लेह.

लेहहून यारकंदला, म्हणजे मध्य आशियात उतरायचे, असा त्यांचा बेत होता. परंतु ती वाट अतिशय खर्चाची, अवघड आणि धोक्याची असल्याचे त्यांना कळले. निरुपायाने ते काश्मीरकडे परत फिरले. त्या वाटेवर, द्रासच्या परिसरात, जुलै महिन्यात त्यांची गाठ विल्यम मूरक्रॉफ्ट यांच्याशी पडली. मूरक्रॉफ्ट हे ईस्ट इंडिया कंपनीचे पशुवैद्य. चांगल्या जातीचे घोडे आणि व्यापाराच्या वाटा शोधत ते लडाखमध्ये आले होते. त्यांनी चोमांच्या हाती तिबेटी भाषेविषयीचा एक लॅटिन ग्रंथ ठेवला. तो चाळताना चोमांच्या ध्यानात आले की, युरोपला या भाषेचे ज्ञान जवळजवळ नाहीच, आणि तिच्या ग्रंथांत आपल्या पूर्वजांच्या खुणा सापडण्याची शक्यता आहे. ते वर्षाखेरपर्यंत मूरक्रॉफ्ट यांच्या सहवासात राहिले आणि तिबेटी शिकण्याचा निश्चय पक्का झाला.

कंपनीचा हेतू येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. सीमेपलीकडील भाषा जाणणारा मनुष्य व्यापाराला आणि राजकारणाला उपयोगी पडतो, हे मूरक्रॉफ्ट पुरते जाणून होते. चोमांना आपल्या लोकांचे मूळ हवे होते, कंपनीला आपला लाभ हवा होता. बुद्धाचे वचन शोधावे असे या दोघांपैकी कोणाच्याही मनात नव्हते. तरीही घडले ते वेगळेच.

नऊ फुटांची खोली

मूरक्रॉफ्ट यांच्या शिफारशीवरून आणि लेहच्या मंत्र्याच्या पत्राच्या आधारे चोमा झांगल्याला आले. तेथे त्यांना गुरू लाभले ते सांग्ये फुंत्सोग. हे लामा त्या वेळी पन्नाशीच्या आसपास होते. तिबेटमध्ये त्यांनी दूरवर प्रवास केला होता. वैद्यक, ज्योतिष, व्याकरण आणि धर्मग्रंथ या सर्वांत त्यांची गती होती. चोमांना तिबेटी येत नव्हती, लामांना युरोपातील एकही भाषा येत नव्हती. दोघांना दुवा होता तो फारसीचा आणि त्याहूनही अधिक धीराचा.

झांगल्याच्या जुन्या राजवाड्यातील एका लहानशा खोलीत त्यांचे अध्ययन सुरू झाले. ही खोली सुमारे नऊ फूट लांब आणि तेवढीच रुंद होती. हिवाळ्यात तीन-चार महिने चोमा, लामा आणि एक नोकर या खोलीबाहेर पडू शकत नसत. पारा शून्याच्या खाली उतरलेला आणि सगळीकडे बर्फ. धुराच्या त्रासाने शेकोटी पेटवणे शक्य नव्हते. अंधार पडल्यावर दिवाही नव्हता. मेंढीच्या कातड्याचा झगा अंगाभोवती लपेटून, हात आत घेऊन, चोमा सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत वाचत बसत. पान उलटण्यासाठी हात बाहेर काढणे हीसुद्धा शिक्षा वाटावी, अशी ती थंडी. रात्री तीच जमीन अंथरूण होई.

या खोलीत ते काय वाचत होते, हे समजल्याशिवाय त्या कष्टांचा अर्थ कळणार नाही. सातव्या शतकापासून पुढे अनेक शतके भारतातील बौद्ध आचार्य आणि तिबेटी अनुवादक एकत्र बसून संस्कृत बौद्ध ग्रंथ तिबेटीत उतरवीत होते. दहाव्या-अकराव्या शतकात रिन्चेन झांग्पो या अनुवादकाने याच पश्चिम हिमालयात आयुष्य वेचले. इ.स. १०४२ मध्ये विक्रमशिलेचे आचार्य अतिश पश्चिम तिबेटात गेले. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर नालंदा आणि विक्रमशिला ही विद्यापीठे नष्ट झाली. ग्रंथ जळाले, भिक्खू पांगले. विहार उजाड झाले आणि पुढे बुद्धाच्या देशातच बुद्ध परका झाला. मात्र त्याआधी जे तिबेटीत गेले होते, ते हिमालयापलीकडे सुरक्षित राहिले. कंजूर या संग्रहात बुद्धवचने मानले गेलेले ग्रंथ आहेत. त्याची जी प्रत चोमांनी पुढे अभ्यासली, तिचे १०० खंड होते. तंजूर या संग्रहात नागार्जुन, असंग, वसुबंधू, दिङ्नाग, धर्मकीर्ती अशा भारतीय आचार्यांच्या ग्रंथांचे अनुवाद आहेत. त्याचे २२५ खंड. यांतील कितीतरी ग्रंथांची मूळ संस्कृत प्रत आज उपलब्ध नाही. त्यांचा विचार जिवंत आहे तो तिबेटी भाषेत.

पोटापुरते जव पिकवणाऱ्या, हिवाळ्यात सहा-सहा महिने जगापासून तुटणाऱ्या लोकांनी ही संपदा सांभाळली होती. त्यांनी ती लाकडी ठशांनी छापली, हातांनी नकलून घेतली, पाठीवरून खिंडी ओलांडून आणली आणि कापडात बांधून विहारांत ठेवली. ज्यांना पुढारलेले म्हणतात त्या प्रदेशांना जे जपता आले नाही, ते या उजाड खोऱ्यांतील गावांनी जपले.

चोमा झांगल्यात ऑक्टोबर १८२४ पर्यंत, म्हणजे सोळा महिने राहिले. त्यांनी व्याकरण आत्मसात केले आणि हजारो शब्दांचा संग्रह केला. या महासंग्रहांत कोणकोणते ग्रंथ आहेत, याची ओळखही करून घेतली. त्यांची शिकण्याची रीत विशेष होती. ते प्रश्न विचारत आणि लामा त्यांची उत्तरे तिबेटीत लिहून देत. सांग्ये फुंत्सोग आणि झांस्करमधील अन्य लामांनी अशी उत्तरादाखल लिहिलेली पुस्तके आजही हंगेरीच्या विज्ञान अकादमीत जपून ठेवलेली आहेत. एका शिष्याच्या प्रश्नांसाठी गुरूंनी ग्रंथ लिहावेत आणि ते दोनशे वर्षे टिकावेत, ही गोष्ट शाळेतील प्रत्येक मुलाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

संशय, अपयश आणि पुन्हा आरंभ

हिवाळ्यापूर्वी चोमा पर्वत उतरून इंग्रजांच्या सबाथू येथील ठाण्यावर आले. लामा मागाहून येणार होते, पण ते येण्याआधीच खिंडी बंद झाल्या. सबाथूच्या अधिकाऱ्यांना या फाटक्या वेशातील परदेशी माणसाचा संशय आला. वरून हुकूम येईपर्यंत त्यांना तेथेच थांबवून ठेवण्यात आले. जानेवारी १८२५ मध्ये त्यांनी आपला सारा जीवनवृत्तांत लिहून सादर केला. त्यांच्या आयुष्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा बराच भाग या निवेदनातून आलेला आहे. अखेर सरकारचे समाधान झाले आणि दरमहा पन्नास रुपये साहाय्य मंजूर झाले. त्याबद्दल तिबेटी कोश आणि व्याकरण तयार करून देण्याचे त्यांनी मान्य केले.

ऑगस्ट १८२५ मध्ये ते पुन्हा झांस्करमध्ये आले. या वेळी त्यांचा मुक्काम फुकताल विहारात होता. नदीच्या खोल दरीवर, कड्यातील एका प्रचंड गुहेच्या तोंडाशी, मधाच्या पोळ्यासारखा चिकटलेला हा विहार आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. परंतु हे दुसरे वास्तव्य मनासारखे झाले नाही. लामांना इतर कामे होती. ते पुरेसा वेळ देत नव्हते. दुसरीकडे मूरक्रॉफ्ट याच वर्षी अफगाणिस्तानात मरण पावले. ठरलेले काम अपुरे ठेवून जानेवारी १८२७ मध्ये चोमा सबाथूला परतले. हे काम पूर्ण झालेले नाही, असे त्यांनी सरकारला प्रामाणिकपणे कळवले आणि आणखी मुदत मागितली. झाले नसलेले काम झाले आहे असे भासवण्याचा मार्ग त्यांनाही मोकळा होता. कलकत्त्यात तिबेटी जाणून त्यांची तपासणी करील असा मनुष्य सापडला नसता.

तीन वर्षांची मुदत मिळाली. या वेळी ते सतलजच्या खोऱ्यातील कानम या किन्नौरमधील गावी गेले. तेथील विहारात कंजूर आणि तंजूर उपलब्ध होते. सांग्ये फुंत्सोगही झांस्करहून तेथे आले. इ.स. १८२७ ते १८३० ही तीन वर्षे दोघे पुन्हा एकत्र बसले. पन्नास रुपयांपैकी निम्मी रक्कम चोमा आपल्या गुरूंना देत. उरलेल्यातून नोकराचा पगार, घरभाडे आणि स्वतःचा निर्वाह. लोणी घातलेला चहा हे त्यांचे मुख्य अन्न. सप्टेंबर १८२८ मध्ये जेरार्ड नावाचे एक इंग्रज डॉक्टर देवीच्या लसीकरणाच्या निमित्ताने त्या भागात आले असता त्यांनी चोमांची ही अवस्था पाहिली. त्यांनी कपडे व खाण्याचे जिन्नस देऊ केले. चोमांनी ते नम्रपणे नाकारले. ज्याची परतफेड करता येणार नाही, ते घ्यायचे नाही, हा त्यांचा नियम अखेरपर्यंत टिकला.

मुखपृष्ठावरील दोन नावे

इ.स. १८३१ मध्ये हस्तलिखिते घेऊन चोमा कलकत्त्यास आले. तेथील एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. त्या संस्थेचे सचिव जेम्स प्रिन्सेप यांनी छपाईच्या कामी त्यांना मनापासून साहाय्य केले. हेच ते प्रिन्सेप, ज्यांनी इ.स. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवून सम्राट अशोकाचे शिलालेख जगापुढे वाचून दाखवले. धम्माच्या पुनर्शोधातील दोन मोठी कामे एकाच छताखाली चालली होती. आपल्या घरच्या भिंतीवर अशोकचक्र लावताना या दोघांची आठवण ठेवायला हरकत नाही.

जानेवारी १८३४ च्या सुमारास तिबेटी-इंग्रजी कोश छापून झाला आणि त्याच वर्षी व्याकरण प्रसिद्ध झाले. तिबेटी भाषेच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया या दोन ग्रंथांनी घातला. त्यानंतर कंजूर-तंजूरमधील ग्रंथांचा आशय सांगणारे त्यांचे विस्तृत विवेचन आणि तिबेटी साधनांवरून लिहिलेला बुद्धचरित्राचा वृत्तांत सोसायटीने प्रसिद्ध केला. पॅरिसच्या युजेन बुर्नूफ यांनी भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरील आपला पायाभूत ग्रंथ इ.स. १८४४ मध्ये लिहिला, तेव्हा चोमांचे हे काम त्यांच्यापुढे होते. परमपूज्य बाबासाहेबांचा अभ्यास प्रामुख्याने पाली साहित्याच्या आधारे झाला. तथापि, बुद्ध हा एक ऐतिहासिक महापुरुष होता आणि त्याच्या विचारांची एक प्रचंड परंपरा भारताने निर्माण केली होती, हे आधुनिक जगाला कागदोपत्री दाखवून देणाऱ्या साखळीत चोमांचा दुवा महत्त्वाचा आहे.

या कोशाच्या मुखपृष्ठाविषयी मला आवर्जून सांगायचे आहे. त्या काळी युरोपीय विद्वान भारतीय पंडितांकडून, मौलवींकडून आणि लामांकडून शिकत. ग्रंथ छापला जाई तो मात्र साहेबाच्या एकट्याच्या नावे. ज्याने शिकवले, तो प्रस्तावनेच्या एखाद्या ओळीत, पुष्कळदा नावाशिवायच राही. चोमांनी तसे केले नाही. झांस्करचे विद्वान लामा सांग्ये फुंत्सोग यांच्या साहाय्याने हा कोश सिद्ध झाला, हे त्यांनी थेट मुखपृष्ठावर छापले. आपल्या नावाच्याही आधी गुरूचे नाव घातले. फुकतालच्या वास्तव्यात या गुरूने त्यांना निराश केले होते, तरीही त्यांनी ते घातले. तसे केले नसते तर त्या लामांचे नाव आज आपल्याला ठाऊक असते का, याची मला शंका आहे. ज्यांच्या श्रमांवर इतिहास उभा राहतो, त्यांची नावे इतिहासाच्या पानांतून कशी गळून पडतात, हे आपल्या समाजाइतके कोणाला कळणार?

चोमांनी दुसरे ऋणही फेडले. मायदेशातील लोकांनी त्यांच्यासाठी वर्गणी गोळा करून पाठवली, तेव्हा ती स्वतःसाठी न वापरता त्यांनी आपल्याजवळची भर घालून परत पाठवली. ज्या शाळेत त्यांनी राबून भाकरी मिळवली होती, तिच्यासारख्या शाळांतील मुलांच्या शिक्षणाला ती उपयोगी पडावी, अशी त्यांची इच्छा होती.

कलकत्त्यातही त्यांची राहणी झांगल्यासारखीच होती. ग्रंथांच्या चार पेट्या चार बाजूंना मांडून मध्ये चटई अंथरायची, दिवसभर तेथेच वाचायचे आणि रात्री तेथेच झोपायचे. शिजवलेला भात आणि चहा एवढाच आहार, आणि अंगावर नेहमीचा निळा पोशाख. मधली काही वर्षे त्यांनी उत्तर बंगालमध्ये राहून संस्कृत व बंगाली भाषांचा अभ्यास केला. परतल्यावर सोसायटीच्या ग्रंथालयाचे काम पाहिले.

अखेरचा प्रवास

मूळ शपथ मात्र ते विसरले नव्हते. इ.स. १८४२ च्या फेब्रुवारीत, अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते ल्हासाला जाण्यासाठी पुन्हा पायी निघाले. तराईच्या दलदलीच्या प्रदेशातून जाताना त्यांना हिवतापाने गाठले. २४ मार्चला ते दार्जिलिंगला पोहोचले. सिक्कीमच्या राजाचा तेथील वकील त्यांचे तिबेटी भाषेवरील प्रभुत्व पाहून चकित झाला आणि पुढच्या वाटचालीची बोलणी सुरू झाली. परंतु ताप पुन्हा उलटला. ११ एप्रिल १८४२ च्या पहाटे त्यांचे निधन झाले. मागे राहिल्या त्या ग्रंथांच्या व कागदांच्या चार पेट्या, एक निळा पोशाख, काही सदरे आणि एक स्वयंपाकाचे भांडे. दार्जिलिंगमध्ये त्यांची समाधी आहे.

११ एप्रिल हा दिवस आपण महात्मा जोतीराव फुले यांची जयंती म्हणून साजरा करतो. चोमांनी डोळे मिटले त्या दिवशी जोतीराव पंधरा वर्षांचे झाले होते आणि त्या सुमारास पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. दोघांना एकमेकांचे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या दिवशी आपण फुल्यांच्या प्रतिमेला हार घालतो, त्या दिवशी शाळेच्या सभागृहात चोमांच्या नावाचाही उल्लेख व्हावा, असे मला वाटते.

चोमांचा मूळ शोध अखेर चुकीचा ठरला. हंगेरियन भाषेचे नाते तिबेटशी नव्हते. ते फिनिश आणि सैबेरियातील काही भाषांशी आहे, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले. चोमांच्या काळीही काही विद्वान तसे म्हणू लागले होते. म्हणजे ज्यासाठी त्यांनी घर सोडले, ते त्यांना मिळाले नाही आणि मिळणारही नव्हते. पण वाटेत जे काम अंगावर आले, ते त्यांनी दुय्यम मानले नाही. पूर्वजांचा शोध बाजूला ठेवून सात-आठ वर्षे त्यांनी परक्या लोकांच्या ग्रंथांची यादी, शब्द आणि अर्थ नेटाने जुळवले. ते बौद्ध झाले नाहीत. तरी इ.स. १९३३ मध्ये त्यांची पद्मासनातील मूर्ती टोकियोच्या तैशो विद्यापीठाला अर्पण करण्यात आली. जपानी बौद्धांनी त्यांना कोणत्या आदराने पाहिले, हे त्यावरून कळते.

गेल्या काही वर्षांत हंगेरीतील स्वयंसेवकांनी झांगल्याच्या जुन्या राजवाड्याची डागडुजी केली. ती नऊ फुटांची खोली आता पडण्यापासून वाचली आहे. त्याच गावात त्यांनी मुलांसाठी सूर्याच्या उष्णतेने उबदार राहणारी शाळाही बांधली. ज्या गावाने त्यांच्या माणसाला शिकवले, त्या गावाच्या मुलांची थंडी कमी करावी, ही परतफेड मला फार योग्य वाटते.

आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेले माजी विद्यार्थी आज कोठे कोठे अधिकारावर आहेत. पालकांपैकी अनेकांनी स्वतः अर्धपोटी राहून मुलांना येथे ठेवले. या सर्वांपुढे चोमांचे चरित्र ठेवताना मी एवढेच सुचवेन की, आपण जे काही लिहू, बांधू किंवा मिळवू, त्याच्या मुखपृष्ठावर आपल्या सांग्ये फुंत्सोगचे नाव घालायला विसरू नये. कोणासाठी ते एखाद्या शिक्षकाचे नाव असेल, कोणासाठी पहाटे उठून भाकऱ्या थापणाऱ्या स्वयंपाकघरातील मावशींचे, तर कोणासाठी सही करता न येणाऱ्या आईचे. पुढच्या वर्षी ११ एप्रिलला मुलांकडून अशी नावे लिहून घ्यावीत, म्हणजे या स्मरणिकेच्या पुढील अंकात ती छापता येतील.